मस्कतला रुजू होणाऱ्या भाचीस

सगळ्यात आधी आठवडा लावून घे. मस्कतमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी आणि रविवारी सकाळी शाळा, हे तुला नेमणुकीच्या पत्रातच कळलं असेल, पण अंगवळणी पडायला वेळ लागतो. आपल्याकडे रविवार म्हणजे इस्त्रीची साडी, संडे स्कूल, उपासना, मग चर्चच्या दारात तासभर गप्पा आणि दुपारी मटण. नगरमध्ये वाढलेल्या ख्रिस्ती पोरीच्या हाडात हा क्रम मुरलेला असतो. तो मोडला की पहिले काही महिने उदास वाटतं आणि कारण सापडत नाही. मग आपण उन्हाला, रूममेटला, प्रिन्सिपॉल बाईंना दोष देत बसतो. खरं दुखणं एवढंच असतं की आठवड्याला सुरुवात आणि शेवट उरलेला नसतो.

म्हणून शुक्रवार हा तुझा उपासनेचा दिवस, असं पहिल्याच आठवड्यात पक्कं कर. मी तिथे नोकरीला गेले तेव्हा सुट्टी गुरुवार-शुक्रवार असायची. मे २०१३ पासून ती शुक्रवार-शनिवार झाली. शुक्रवार तेव्हाही मोकळा होता, आताही आहे. शुक्रवारी सकाळी उशिरापर्यंत झोपायचं आणि "पुढच्या आठवड्यात जाऊ" म्हणायचं, हे एकदा सुरू झालं की नाताळपर्यंत चर्चचं तोंड दिसत नाही. रविवारसाठीही काहीतरी ठेव. नगरला साडेनऊला उपासना सुरू होते तेव्हा मस्कतला आठ वाजलेले असतात, म्हणजे तुझा तास चालू असेल. वहीखाली मोबाइल ठेवून गीतं ऐकायची नाहीत. आईला रेकॉर्डिंग पाठवायला सांग आणि संध्याकाळी चहा पिताना ऐक.

चर्चची आवारं रुवीला आणि घलाला आहेत. जमीन सुलतान काबूस यांनी दिलेली. एकाच भिंतीच्या आत कॅथलिक, प्रोटेस्टंट, केरळातले ऑर्थोडॉक्स आणि मार थोमा सगळे नांदतात. मल्याळम, तमिळ, इंग्रजी, टागालोग, किती भाषांत उपासना चालते ते पाहून तुला गंमत वाटेल. एका मंडळीचा आशीर्वाद होईपर्यंत दुसरी मंडळी दाराशी येऊन उभी असते, त्यामुळे वेळ कडक पाळतात. आपल्याकडच्यासारखं "दहाला सुरू म्हणजे सव्वादहाला" तिथे चालत नाही. मराठी उपासना हवी म्हणून वाट पाहत घरी बसू नकोस. आधी जी भाषा समजते त्या उपासनेला जा, बाहेर चहाच्या टेबलापाशी उभी राहा. सोलापूरची नर्स, मिरजेचा कोणी टेक्निशियन, पुण्याची एखादी अकाउंटंट तिथेच भेटते. "सलाम" म्हटल्यावर कोण वळून बघतं ते पाहा.

आता कायद्याचं. हे नीट वाच, कारण आपल्या लोकांना इथेच ठेच लागते. आपल्याकडे घरसभा म्हणजे सहज गोष्ट. कोणी आजारी आहे, कोणाचा वाढदिवस आहे, चार घरची माणसं जमली, पेटी काढली, दोन गीतं, एक प्रार्थना, मग पोहे. ओमानमध्ये नेमून दिलेल्या जागेबाहेर उपासनेसाठी जमायला परवानगी नाही. चर्चच्या आवारात मोकळेपणाने भक्ती करायची, कोणी अडवत नाही. पण फ्लॅटमध्ये पंधरा जण जमवून टाळ वाजवायचे नाहीत. धर्मप्रसाराला तर सक्त मनाई आहे. पवित्र शास्त्राची आपली एक प्रत आणि "उपासना संगीत" हे गीतांचं पुस्तक सामानात ठेव, ते तुझ्यासाठी आहे. मात्र इथली एखादी मावशी "तिकडे वाटायला" म्हणून पत्रकांचा गठ्ठा देईल, तो हसून परत कर. मदतीसाठी पैसे गोळा करणं हेही तिथे परवानगीशिवाय करता येत नाही. स्टाफरूममध्ये आजारी शिपायासाठी वर्गणीचा कागद फिरवावासा वाटेल. आधी ऑफिसात विचार. चर्चमधलं दान चर्चमध्ये. दशमांशाचं काय करायचं, किती तिथल्या मंडळीला आणि किती नगरला, तेही पहिल्या पगाराच्या आधीच ठरव. नाहीतर घरून फोन येत राहतील आणि तुझ्या दशमांशावर सगळ्यांची मतं असतील.

वर्गात तुझ्यासमोर भारतीय मुलं असतील, सगळ्या धर्मांची. निम्मी घरी मल्याळम किंवा तमिळ बोलणारी, काही गुजराती, थोडी मराठी. सीबीएसईचा अभ्यासक्रम, एप्रिलला नवं वर्ष, जून-जुलैला मोठी सुट्टी. रमजान आला की एखादा तिसरीतला पोरगा विचारणार, "टीचर, तुम्ही रोजा का ठेवत नाही?" "मी ख्रिस्ती आहे बाळा, आमच्या उपवासाचे दिवस वेगळे असतात." संपलं. त्यावर व्याख्यान नको. त्याच पोराच्या आईला संध्याकाळी "रमजान मुबारक" म्हण. रमजानात दिवसा चारचौघांत खायचं-प्यायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही, गाडीत बसूनही नाही. तो तिथे गुन्हा आहे. शाळेत शिक्षकांना बहुतेक एखादी बंद खोली देतात, डबा तिथे खा. डब्यात बोंबील नको. घरी रात्री खा.

धर्माचं बोलायला बंदी म्हणून तुला कोंडल्यासारखं वाटेल. काहींना वाटतं, आणि ते चिडचिडे होतात. त्यांच्याकडे फार लक्ष देऊ नकोस. मस्कतच्या मत्रह भागात अमेरिकन मिशनचा दवाखाना होता, आपल्या मिरजेच्या वानलेस दवाखान्यासारखा. डॉक्टर वेल्स थॉम्स यांनी १९३९ ते १९७० तिथे रुग्ण तपासले. तेव्हा त्या देशात दवाखाने जवळपास नव्हतेच. ओमानमधल्या जुन्या पिढीला ख्रिस्ती माणूस ठाऊक झाला तो असा, कामातून. तूही तशीच ठाऊक हो. वह्या वेळेत तपासून दे. प्रॉक्सी तास आला तर तोंड वाकडं न करता जा. पालकाने शिक्षकदिनाला महागडं अत्तर किंवा सोन्याचं नाणं पुढे केलं तर आभार मानून परत कर आणि मुलाने हाताने काढलेलं कार्ड ठेवून घे. स्टाफरूममध्ये कोणाच्या पाठीमागे बोलू नकोस. शिक्षिकांची घरं एकाच इमारतीत असतात, त्यामुळे सकाळी बोललेलं दुपारपर्यंत तिसऱ्या मजल्यावर पोचतं.

आपल्या आडनावाचा एक वेगळाच प्रकार होणार आहे, त्याची तयारी ठेव. आपली आडनावं साळवे, गायकवाड, शिंदे, भोसले. मल्याळी सहकारी पहिल्या दिवशी तुला हिंदू धरून चालतील. शुक्रवारी चर्चच्या आवारात तू दिसलीस की डोळे विस्फारून विचारतील, "महाराष्ट्रातही ख्रिश्चन असतात?" मग कोणत्या चर्चची, कोणत्या बिशपची, आजोबा कधी ख्रिस्ती झाले, अशी उलटतपासणी. त्यांची घराणी थोमा प्रेषितापासून हिशेब लावतात. आपली मिशनच्या काळातली. त्यावरून कोणी जरा वरच्या सुरात बोललं तर मनाला लावून घ्यायचं नाही. दुसऱ्या बाजूला महाराष्ट्र मंडळातल्या बायका आडनाव ऐकून हळदीकुंकवाला बोलावतील आणि तू ख्रिस्ती आहेस हे कळल्यावर "अय्या, पण तुमचं मराठी किती छान आहे!" म्हणतील. याचा राग येतो. मला अजून येतो. पण तरी मंडळात जा. गणपतीच्या दिवसांत तिथे नाटक होतं, दिवाळीअंक फिरतात, ज्वारीचं पीठ कुठे ताजं मिळतं ते कळतं, आणि आठवडाभर इंग्रजी-हिंदीत बोलून वळलेली जीभ सुटते. मराठीसाठी मंडळ आणि भक्तीसाठी चर्च, दोन्ही ठिकाणी जायचं. दोन्हीकडे तू थोडी पाहुणीच राहशील. त्याने काही बिघडत नाही.

कोणी फारच खोदून विचारलं तर फेरार बाईंचं सांग. सिंथिया फेरार. अमेरिकेहून १८२७ मध्ये मुंबईला आल्या, लग्न नाही, नातं नाही, फक्त मुलींना शिकवायचं म्हणून. पुढे १८३९ मध्ये नगरला. जोतिराव फुल्यांनी त्यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या आणि सावित्रीबाईंनी त्यांच्याकडे शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं. १८६२ मध्ये बाई नगरलाच वारल्या. परमुलखात नोकरी करणारी ख्रिस्ती शिक्षिका ही आपल्या गावाला नवी गोष्ट नाही, फक्त या वेळी जाणारी आपल्यातली आहे. आणि त्या बाई इथे नुसतं इंग्रजी बोलून राहिल्या नाहीत, मराठीतून शिकवायला लागल्या. तेव्हा तूही अरबी शीक. ओमानी माणूस हिंदी बोलतो म्हणून आपले लोक वीस-वीस वर्षं राहून "शुक्रन"पलीकडे जात नाहीत, ही लाजेची गोष्ट आहे. निदान आकडे, दिशा, भाजीची नावं, आणि लांबलचक नमस्कार-चमत्कार. तिथे कोणी भेटलं की तब्येत, घर, पोरंबाळं सगळं विचारल्याशिवाय कामाचं बोलत नाहीत. शाळेच्या फाटकावरच्या वॉचमनशीसुद्धा असंच बोल.

कोणा ओमानी घरी बोलावलं तर जा. काहवा आणि खजूर पुढे येईल. उजव्या हाताने घे. कपात घोटभरच ओततात आणि रिकामा झाला की पुन्हा भरतात. पुरे असेल तेव्हा कप हलकेच हलवून परत द्यायचा. नुसतं "नको, नको" म्हणत राहिलीस तर संकोच समजून ओततच राहतील, आपल्याकडच्या पंगतीत व्हायचं तसं.

उन्हाबद्दल मी जरा जास्तच बोलते असं तुझी आई म्हणते. म्हणू दे. लाहोरचे पहिले बिशप थॉमस व्हॅल्पी फ्रेंच, निवृत्तीनंतर साठी ओलांडलेले असताना १८९१ मध्ये मस्कतला जाऊन राहिले. भारतात कित्येक वर्षं उन्हात काढलेला माणूस. मे महिन्यात गेला. मस्कतजवळ समुद्रकाठी डोंगराच्या कुशीत त्यांची कबर आहे. जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर मजुरांकडून काम करून घ्यायला सरकारनेच बंदी घातली आहे, आणि आपल्या शिक्षिका दोन रियाल वाचवायला त्याच वेळी बसस्टॉपवर उभ्या राहतात. टॅक्सी कर. सावलीत उभी राहा. दुपट्टा डोक्यावर घे. नगरचं ऊन कोरडं असतं, घाम वाळतो. मस्कतला समुद्रामुळे घाम वाळतच नाही, म्हणून तहान लागण्याआधी पाणी पी.

उन्हाळ्यात एक युक्ती लक्षात ठेव. गच्चीवरच्या टाकीचं पाणी मे-जूनमध्ये इतकं तापतं की थंड पाण्याच्या नळाखाली हात धरवत नाही. अशा वेळी गीझर बंद ठेवायचा आणि गरम पाण्याचा नळ सोडायचा. गीझर घरात सावलीत असतो, त्यात साठलेलं पाणी निवलेलं असतं. नवीन आलेल्या मुलींना हे कोणी सांगत नाही आणि त्या भाजून निघतात. एसीचं वीजबिल शाळा भरते का तुझ्या पगारातून कापते, ते खोलीत सामान उतरवण्याआधी विचार.

पाऊस वर्षातून थोडाच, पण आला की वादीतून लोंढा येतो. वादी म्हणजे कोरडं नदीपात्र. रस्ते त्यातूनच गेलेले असतात. पाणी घोट्याएवढं दिसलं तरी गाडीतून ओलांडायचं नाही, आणि गाडी चालवणारा "काही होत नाही" म्हणाला तर उतरायचं. पोलिसांचा नंबर ९९९९. पाठ कर.

गाडी शिकायची हौस असेल तर धीर ठेव. तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात, आणि लायसन्ससाठी ड्रमांच्या मधून मागे गाडी घालायची परीक्षा, मग चढावाची, मग रस्त्यावरची. चांगले इंजिनिअर ड्रमला आपटतात.

पैशाचं आता. एका रियालचे हजार बैसा. आपल्याला शंभराची सवय, म्हणून पहिल्या महिन्यात बिलावरचे तीन आकडे वाचताना गोंधळ होतो. नीट वाचून पैसे दे. दर वेळी रुपयांत गुणाकार करायचा नाही, कारण एका रियालला दोनशेहून जास्त रुपये पडतात आणि गुणाकार करत बसलीस तर तू तिथे टोमॅटोही विकत घेणार नाहीस. पगाराच्या दिवशी एक्स्चेंज हाउससमोर मोठी रांग असते, दर बघून दोन-चार दिवसांनी गेलीस तरी चालतं. भारतातलं साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही. बँकेत सांगून ते एनआरओ कर आणि तिथून पाठवायच्या पैशासाठी एनआरई खातं उघड. भावाच्या नावावर पैसे पाठवू नकोस. भाऊ चांगला आहे. तरी नको.

करारपत्र वाचताना एकूण आकड्याकडे सगळे बघतात. तू मूळ पगाराकडे बघ, कारण नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी त्यावरच मोजतात. भत्ते कितीही फुगवलेले असले तरी तिथे उपयोगाचे नाहीत. पहिल्या वर्षी उन्हाळी सुट्टीचा पगार मिळतो का, तिकीट वर्षाला की दोन वर्षांनी, हे तोंडी नको, कागदावर हवं. संध्याकाळच्या शिकवण्यांसाठी पालक मागे लागतील. तुझा व्हिसा शाळेचा आहे, दुसरीकडे पैशासाठी काम करायची त्यात मुभा नाही. "माझी मैत्रीण घेते" असं कोणी म्हणेल. तिला घेऊ दे. २०२१ पासून करार संपल्यावर दुसरीकडे जायला जुन्या मालकाची एनओसी लागत नाही, ही मोठी सोय झाली. माझ्या वेळी त्या एका कागदासाठी बायका रडत असत.

सण कसे येतील तेही सांगते. उत्तम शुक्रवार आपोआप सुट्टीच्या दिवशी येतो. ईस्टरचा रविवार मात्र शाळेचा. पहाटेची उपासना आटोपून तसंच शाळेत जायचं किंवा संध्याकाळच्या उपासनेला जायचं, दोन्ही जमतं. एप्रिल असेल तर नवं वर्ष नुकतंच सुरू झालेलं असतं, त्या दिवशी रजा मागून प्रिन्सिपॉलची नाराजी ओढवून घेऊ नकोस. नाताळला सरकारी सुट्टी नसते. हिवाळी सुट्टीत आला तर उत्तम, नाही आला तर आदल्या शुक्रवारी फराळ कर. करंज्यांसाठी खोबरं, रवा, खसखशीच्या जागी तीळ घे, कारण आखाती देशांत खसखस नेणं हा अमली पदार्थाचा गुन्हा ठरू शकतो. आईने पिशवीत घातली असेल तर मुंबई विमानतळावरच काढ. आईला हे आत्ताच सांगून ठेव, ती विसरते. करंज्यांचे डबे स्टाफरूममध्ये ने, वॉचमनला दे, शेजारच्या ओमानी घरी दे. गीतं चर्चमध्ये गा.

व्हॉट्सॲपवर धर्माचे, राजकारणाचे, कोणाच्या देशाची टिंगल करणारे निरोप पुढे पाठवायचे नाहीत. तिथे शिवीगाळ आणि बदनामी फोनवर केली तरी तक्रार होते. वर्गातल्या मुलांचे फोटो आपल्या स्टेटसला टाकायचे नाहीत. नगरच्या मंडळीच्या ग्रुपमध्ये कोणी मोठं काही लिहिलं तर तू वाच आणि गप्प राहा.

पासपोर्ट तुझ्याजवळ राहिला पाहिजे. "सुरक्षिततेसाठी आमच्याकडे ठेवतो" असं कोणी कितीही गोड बोललं तरी देऊ नकोस. व्हिसाच्या कामासाठी दिला तर पावती घे आणि परत आला की तारीख लिहून ठेव. पासपोर्ट, रेसिडेंट कार्ड, करारपत्र आणि पदव्या यांच्या प्रती आईकडे आणि माझ्याकडे पाठव. रेसिडेंट कार्डाची ते मिळेल तेव्हा, बाकीच्या हे पत्र वाचून झालं की लगेच.